चार हाऊस, एक पेटी

मॅडम गेल्या तो मंगळवार होता. दुसरा तास सुरू होता. शिपाई सूचनेची वही घेऊन वर्गावर्गात फिरला. मुलं उभी राहिली, मग बसली, मग दप्तरं भरून घरी गेली.

सूचनेत ‘आपल्या शाळेच्या संगीत शिक्षिका’ असं लिहिलं होतं. त्या संगीत शिक्षिका नव्हत्या. त्या गणित शिकवत. संगीताचं पद आमच्या शाळेत कधी मंजूरच झालं नाही. पण सूचना लिहिणारा कारकून नवीन होता आणि त्याने मॅडमना पाहिलं होतं ते पेटीसमोर बसलेलं. मुख्याध्यापकांनी खाली सही केली. कुणीही दुरुस्ती सुचवली नाही. मॅडम असत्या तर त्यांनी सूचना वाचून वही परत दिली असती आणि म्हटलं असतं, “माह्यं काई म्हननं नाई.” मग दुरुस्ती सांगितली असती.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, जी ‘मला काही बोलायचं नाही’ म्हणून पुढे तासभर बोलतात. मॅडम तासभर बोलत नसत. एकच वाक्य बोलत, पण ते असं असे की त्यानंतर बाकीच्यांना बोलायला काही उरत नसे. स्टाफरूममध्ये त्यांनी “माह्यं काई म्हननं नाई” म्हटलं की जाणकार शिक्षक चहाचा कप खाली ठेवत.

वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत. समीकरणं, प्रमेयं, सगळं शुद्ध. वर्गाच्या दाराबाहेर पाऊल पडलं की आमच्याकडचं बोलणं सुरू. मुलांना याची इतकी सवय होती की मॅडम शुद्ध बोलू लागल्या म्हणजे आता फळ्यावर जायचं, एवढं त्यांना कळे.

मी त्या शाळेत ग्रंथपाल आहे. शाळा तालुक्याच्या गावी आहे, पोरं पार वडनेरपासून बसने येतात. मला सूर कळत नाही. पुस्तकं कळतात असंही मी म्हणणार नाही. ती कुठे ठेवली आहेत, ते कळतं. मॅडमची आणि माझी ओळख झाली ती दोन कारणांनी. शाळेतली एकुलती एक पेटी लायब्ररीच्या सामानात होती, आणि आतून कडी लागेल असं दार फक्त लायब्ररीलाच होतं. त्यामुळे आंतरहाऊस समूहगीत स्पर्धेच्या सगळ्या तालमी माझ्याकडे होत.

आमच्या शाळेत चार हाऊस आहेत. लाल, निळं, हिरवं आणि पिवळं. मुलाने पाचवीत प्रवेश घेतला की त्याला एक हाऊस मिळतं आणि ते शाळा सोडेपर्यंत सुटत नाही. प्रत्येक हाऊसला एक शिक्षक प्रमुख. पिवळ्याच्या प्रमुख मॅडम होत्या. आणि संबंध शाळेत पेटी वाजवता येणारं माणूस एकच होतं. त्याही मॅडमच.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. चार हाऊस एकमेकांविरुद्ध गाणार आणि चौघांच्याही मागे पेटीवर एकच बाई, जिचं स्वतःचं हाऊस त्या चारांत आहे. दुसऱ्या एखाद्या शाळेने बाहेरून माणूस बोलावला असता. आमच्याकडे मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम आहेत ना,” आणि तो विषय संपला. मॅडमसाठी तो तिथून सुरू झाला.

वाजवायला बसताना त्या उजव्या हातातल्या बांगड्या काढत आणि जवळ बसलेल्या माणसाकडे देत. “धरा,” एवढंच म्हणत. बांगड्या वाजल्या तर तालात गोंधळ होतो म्हणून. जवळ बसलेला बहुधा मीच असे. त्या बांगड्या हातात धरून मी तालीम संपेपर्यंत पुस्तकांच्या पाठींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत असे. एका हाताने ते काम होत नाही, पण मी ते करत असे.

तालमीच्या दिवसांत मॅडम स्टाफरूममध्ये चहा घेत नसत. घरून थर्मास आणत. का, असं मी विचारलं. म्हणाल्या, “आज निळ्यावाल्या मॅडमनं चहा पाजला, अन् उद्या निळ्याचं गानं बरं झालं, तं लोकं चहाचं नाव घेतीन.” एकदा लाल हाऊसच्या सरांनी, ते विज्ञान शिकवत, लायब्ररीत आलुबोंडा पाठवला. रश्श्यासह, गरम. मॅडमनी माझ्याकडून पुठ्ठा कापायचा चाकू मागून घेतला, पुसला, आलुबोंड्याचे चार तुकडे केले आणि शिपायाबरोबर चारही हाऊसप्रमुखांकडे एकेक धाडला. पिवळ्याचा तुकडा त्यांच्यासमोर आला. तो त्यांनी मला दिला. तो मी खाल्ला. गार झाला होता.

तालमीच्या वेळेसाठी चिठ्ठ्या टाकल्या जात. पण चिठ्ठ्या तीनच प्रमुख उचलत. उरलेली पिवळ्याची. आणि कशी कोण जाणे, पिवळ्याला नेहमी शेवटचा तास येई. त्या तासाला पोरांचं अर्धं लक्ष फाटकाकडे, वडनेरची बस लागली की काय तिकडे. कडव्याच्या मध्यातच दोन-चार जण दप्तर उचलून पळत. मॅडम वाजवणं थांबवत नसत. उरलेल्यांनी म्हणायचं. पिवळं हाऊस दरवर्षी शेवटचं येई, आणि ते बस चुकू नये म्हणून कडवी घाईने म्हणतं असं परीक्षकही लिहून गेले होते.

प्रत्येक हाऊसला आपलं गाणं गुप्त ठेवायचं असे. चौघांची गुपितं मॅडमजवळ. एका वर्षी निळ्या आणि हिरव्या हाऊसने एकच गाणं निवडलं. दोघांनी मॅडमना बजावलं, कुणाला सांगू नका. मॅडमनी महिनाभर दोन्ही हाऊसना तेच गाणं त्याच चेहऱ्याने वाजवून दिलं. स्पर्धेच्या दिवशी निळ्याचं झालं आणि हिरव्याने तोंड उघडलं तेव्हा सभागृहात जे व्हायचं ते झालं. नंतर दोन्ही प्रमुख लायब्ररीत आले.

“मॅडम, तुमाले मालूम होतं!”

“होतं ना.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“तुमीच म्हनलं होतं, सांगू नोका.”

“अवो पन असं असते का!”

“माह्यं काई म्हननं नाई,” मॅडम म्हणाल्या. “पन तुमीच सांगा, दोघातून कोनाचं गुपित फोडाले पायजे होतं?”

दोघेही विचार करत उभे राहिले. मग तास झाला म्हणून गेले.

सुरुवातीचे सूरही त्या चौघांना सारखेच वाजवत. गाणं कोणतंही असो, आधीचा तुकडा तोच, तेवढाच. एकाला लांब आणि एकाला आखूड झाला असं कुणी म्हणू नये म्हणून. त्यामुळे श्रोत्यांना चार वेळा तेच गाणं सुरू होतंय असं वाटे आणि प्रत्येक वेळी भलतंच निघे. पालकांना याचीही सवय झाली होती.

स्पर्धेचे नियमही मॅडमनीच लिहिले होते. आधी नियम नव्हते. मग एका वर्षी एका प्रमुखांनी मंचाच्या कडेला उभं राहून आपल्या पोरांबरोबर मोठ्याने गायला सुरुवात केली आणि बक्षीस मिळालं. तेव्हा मॅडमनी एक कागद लिहून मुख्याध्यापकांपुढे ठेवला. हाऊस मंचावर चढलं की प्रमुखाने कोणतीही मदत करायची नाही; केल्यास ते हाऊस स्पर्धेतून बाद. पेटीची साथ सर्वांना समान असल्याने ती मदत समजू नये. हे दुसरं वाक्य त्यांनी स्वतःपुरतं घातलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, छान आहे, आणि कागद नोटीस बोर्डावर लागला.

आता पूर्वाबद्दल सांगायला हवं. पूर्वा ही मॅडमची मुलगी. ती आमच्याच शाळेत होती आणि चिठ्ठीत तिला पिवळं हाऊस आलं होतं. मॅडमनी ते बदलून मागितलं होतं. मुख्याध्यापकांनी दिलं नाही. मुलगी आईच्या हाऊसमध्ये आली यात वाईट काय, हे त्यांना समजेना.

पूर्वाला आवाज होता. हे मला कसं कळलं, तर ती पुस्तक परत करायला येई तेव्हा रांगेत उभी राहून गुणगुणत असे आणि रांगेतली पोरं गप्प होत. एवढं मलाही कळतं. पण समूहगीतात मॅडम तिला मागच्या रांगेत, खांबाच्या बाजूला उभं करत. पुढे उभं राहून ओळ उचलणारं पोर दुसरंच कुणीतरी असे. दरवर्षी. हिरव्या हाऊसच्या बाई एकदा न राहवून म्हणाल्या, “अवो, पोट्टीचा आवाज केवढा गोड हाय! समोर उभी करा ना तिले.”

“गोड हाय तं मांगंही गोडच राहीन,” मॅडम म्हणाल्या.

पूर्वा हे ऐकत होती. त्या घरात न बोलण्याची एक पद्धत होती.

आमच्याकडे दहावीची मुलं स्पर्धेत उतरत नाहीत, अभ्यास असतो म्हणून. त्यामुळे नववी हे शेवटचं वर्ष. पूर्वा नववीत गेली आणि तालमी सुरू व्हायच्या आधी पिवळ्या हाऊसची पोरं एक दिवस मॅडमसमोर येऊन उभी राहिली. कॅप्टन वडनेरचा, उंच, घसा नुकताच फुटलेला पोरगा. तो म्हणाला, “मॅडम, या वर्षी पूर्वा समोर. ते नाई तं आमी उतरतच नाई.”

मी टेबलामागे होतो. मॅडमनी पोरांकडे पाहिलं, मग पूर्वाकडे. पूर्वा जमिनीकडे पाहत होती, पण रांग सोडून एक पाऊल पुढे उभी होती.

“माह्यं काई म्हननं नाई,” मॅडम म्हणाल्या. पोरं हसायला लागली. “पन मंग मी पेटी वाजवनार नाई तुमच्यासाठी. पोरगी समोर अन् माय पेटीवर, असं नाई चालत.”

पोरांचं हसू थांबलं. कॅप्टन म्हणाला, “मंग पेटीशिवाय म्हनू.”

“म्हना.”

असं ते ठरलं. त्या वर्षी लाल, निळं आणि हिरवं पेटीवर तालीम करत होते आणि पिवळं हाऊस मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ. मॅडम तिकडे फिरकत नसत. घरी पूर्वा गाऊ लागली की त्या चपला घालून शेजारच्या काकूंकडे जाऊन बसत.

“काऊन?” मी विचारलं.

“आयकलं तं चूक दिसते, सर. चूक दिसली तं तोंडातून निंगते. अन् निंगलं तं मदत होते.”

शेजारच्या काकूंचा मात्र असा समज झाला होता की मायलेकींचं पटत नाही. त्या मॅडमना रोज समजावत. मॅडम रोज समजून घेत.

पूर्वा एकदा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. “सर, पट्टी कोनती घेऊ? सगळे वर जाऊन राह्यले अन् अंतऱ्यात गळे बसून राह्यले.”

गायनात सुरुवात कोणत्या उंचीवरून करायची त्याला पट्टी म्हणतात, एवढं मला इतक्या वर्षांत ऐकून माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. मी तिला संगीताच्या कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं. तिने ते दुसऱ्या दिवशी परत आणलं.

“वाचलं?”

“वाचलं, सर. पन याच्यात आवाज नाई.”

स्पर्धा स्नेहसंमेलनात झाली. परीक्षक दोन होते, एक शेजारच्या शाळेतल्या बाई आणि एक निवृत्त अधिकारी, जे भजनी मंडळात गात. मंचाच्या एका कडेला सतरंजीवर पेटी. पेटी लायब्ररीची म्हणून मी तिच्याजवळ खाली बसलो होतो. बांगड्या माझ्याकडे होत्या.

लाल झालं, निळं झालं, हिरवं झालं. तीन वेळा तोच तुकडा वाजला. मग मॅडमनी पेटीचा भाता मिटवून आकडा लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मंचावरून उतरायला त्या उठणार होत्या, पण तेवढ्यात पिवळं हाऊस पायऱ्यांवर येऊन उभं राहिलं आणि वाट अडली. म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या.

पूर्वा मध्यभागी आली. तिने आईकडे पाहिलं नाही. सुरुवात केली.

ती वर गेली होती. मला हे सुरावरून नाही, मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं. गणिताच्या पेपरात पोराने पहिल्याच पायरीला चिन्ह चुकवावं आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या नीट मांडत न्याव्यात, तेव्हा त्यांचा चेहरा जसा होई तसा झाला होता. ध्रुवपद निभावलं. पण अंतरा त्याहून वर चढणार होता, आणि मागे उभ्या असलेल्या पोरांच्या मानेच्या शिरा आत्ताच दिसू लागल्या होत्या. लाल हाऊसच्या सरांनी समोरच्या रांगेत डोळे मिटून घेतले.

ध्रुवपद आणि अंतरा यांच्यामध्ये श्वास घेण्याएवढी जागा होती. त्या जागेत मी पाहिलं. मॅडमचा उजवा हात मांडीवरून उठला आणि मधल्या बोटाने पेटीची एक पांढरी पट्टी दाबली. दाबली आणि सोडली. डावा हात मांडीवरच होता, पदराचं टोक धरून.

पूर्वाने अंतरा खालून घेतला. आख्खं गाणं तिने एका श्वासात खाली उतरवलं आणि मागची सगळी पोरं तिच्याबरोबर उतरली, जशी बैलगाडी उतारावर अलगद उतरते. एकही पोर मागे राहिलं नाही. पुढचं मला सांगता येत नाही. मी हातातल्या बांगड्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की तळहातावर वळ उठले. भजनी परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या त्यात लाल हाऊसची पोरंही होती आणि त्यांच्या सरांनी त्यांना अडवलं नाही.

निकाल मुख्याध्यापकांनी वाचला. पिवळं हाऊस पहिलं. परीक्षकांनी शेरा लिहिला होता की मध्ये पट्टी बदलली हे खरं, पण असं सावरणं मोठ्यांनाही जमत नाही. पिवळ्याची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. कॅप्टन रडत होता आणि रडत नसल्याचं सांगत होता. पूर्वा पहिल्यांदा आईकडे पाहत होती.

मॅडम उभ्या राहिल्या.

“सर, एक मिनिट. मी सूर देल्ला.”

मुख्याध्यापकांना कळलं नाही. “दिलाच ना मॅडम. तिघांनाही दिलात. फार छान.”

“एकल्या पिवळ्याले देल्ला. ध्रुवपद झाल्यावर. नियमात बसत नाई.”

मुख्याध्यापकांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक बाईंनी नाही म्हणून मान हलवली. भजनी परीक्षक म्हणाले, “आम्ही इतके जवळ बसलोय. काही ऐकू आलं नाही.”

“मी वाजवला तं मले मालूम हाय.”

“मॅडम,” मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, पण माइक सुरू होता, “जाऊ द्या ना. कुणाची तक्रार नाही.”

“माह्यं काई म्हननं नाई,” मॅडम म्हणाल्या. “तुमीच बोर्डावरचा कागद वाचा.”

तो कागद वाचावा लागला. लाल हाऊसचे सर उठून म्हणाले, “अवो मॅडम, असं नोका करू. पोरायच्या समोर मलेच कसंतरी वाटून राह्यलं.” पण दुसऱ्या क्रमांकावर तेच होते, त्यामुळे त्यांना जास्त बोलता येईना. पिवळं हाऊस बाद झालं. फिरती ढाल लाल हाऊसला गेली. त्यांच्या कॅप्टनने ती घेतली तेव्हा ती नेमकी कशी धरावी हे त्याला कळत नव्हतं.

मी बांगड्या परत द्यायला गेलो. मॅडमनी त्या घेतल्या आणि हातात चढवायच्या विसरून तशाच मुठीत धरून घरी गेल्या. पूर्वा आधीच निघून गेली होती. ती दुसऱ्या रस्त्याने गेली. त्यांच्या घराला दुसरा रस्ता नाही. ती पार बसस्टँडवरून वळसा घालून गेली असणार.

पुढे गावात दोन मतं झाली. काहींच्या मते बाई देवमाणूस. काहींच्या मते बाईने स्वतःच्या लेकराचा बळी दिला, मोठेपणासाठी. दुसऱ्या मताची माणसं जास्त होती आणि त्यांत पिवळ्याचे सगळे पालक होते. मॅडमचे मिस्टर पंचायत समितीत होते. त्यांना ऑफिसात लोक विचारत. ते म्हणत, घरचा विषय घरात. घरात तो विषय निघत नव्हता.

मी त्या आठवड्यात मॅडमना म्हणालो, “मी तुमच्या बाजूला बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.”

“तुमाले सूर कुठं आयकू येते?”

हे खरं होतं. तरी मी म्हणालो, “भाता मिटलेला होता. आकडा लावलेला होता. हवा नसताना पट्टी दाबून आवाज येईल कसा?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या, मुद्दा त्यांना लागला असणार. “आत हवा राह्यते, सर,” त्या म्हणाल्या. “वाजवल्यावर आत थोडीशी राह्यते. बारीक आला, पन आला. म्या आयकला.”

“कुणीच ऐकला नाही, मॅडम.”

“पूर्वानं आयकला ना. म्हनून तं उतरली.”

मी चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या.

पूर्वा दहावीला चांगली पास झाली. शाळेत ती पुन्हा गायली नाही, आणि तिला तसं कुणी विचारलंही नाही. नंतर ती नागपूरला फार्मसीला गेली. मॅडम पुढेही तिन्ही हाऊसना आणि पिवळ्याला पेटी वाजवत राहिल्या. फक्त त्या वर्षापासून, कुठल्याच हाऊसची पाळी नसेल त्या वेळी त्या पेटीपासून उठून माझ्या टेबलाजवळ येऊन बसत. हात पाठीमागे.

मग त्यांचं दुखणं निघालं. वर्ध्याला दवाखान्यात राहावं लागलं. मी रविवारी जात असे. पुस्तक घेऊन जाई, वाचून दाखवीन म्हणून. त्यांना वाचलेलं ऐकायला आवडत नसे, पण मला नाही म्हणत नसत. पूर्वा नागपूरहून आलेली असे. ती पलंगाच्या कडेला बसून संत्र्याच्या फोडी सोलून बशीत लावत असे, बिया वेगळ्या.

तिथे मॅडमनी मला एका नर्सची ओळख करून दिली, मग नर्सला पूर्वाची. “हे माह्यी पोरगी. लै गोड गाते. हिले म्या एकडाव सूर देल्ला होता, भर कार्यक्रमात. समदे पाहून राह्यले होते, अन् हिचा सूर वर गेलता. म्या एक देल्ला अन् हे बरोब्बर उतरली.”

नर्स म्हणाली, “वा.”

“पह्यली आलती,” मॅडम म्हणाल्या.

बाद झाल्याचं त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी बाजूच्या पलंगावरच्या बाईंना सांगितलं, तेव्हाही नाही. गावात ज्या गोष्टीवरून लोकांनी दोन मतं केली तो सगळा भाग गोष्टीतून गळून गेला होता. उरलं होतं ते एवढंच, की पोरीला सूर दिला आणि पोरीने तो घेतला. ते सांगताना त्या हसत. मॅडमना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. पूर्वा मान खाली घालून फोडी लावत राही. एकदा मॅडमनी तिला विचारलं, “हाय का नाई वो?” ती म्हणाली, “हो आई.”

तेरवी झाली. त्यानंतर काही दिवसांनी पूर्वा लायब्ररीत आली. आईच्या नावावर लायब्ररीची दोन पुस्तकं होती ती द्यायला. दुपार होती, तास सुरू होते. ती पुस्तकं टेबलावर ठेवून बसली. मी रजिस्टरमधली नोंद खोडली.

मग तीच म्हणाली, “सर, तुमी त्या दिवशी आईच्या बाजूलेच बसले होते ना?”

“हो.”

“आलता का आवाज?”

“मला सूर कळत नाही, पूर्वा.”

“कळाचं नाई विचारून राह्यली. आलता का?”

“बोट पाहिलं मी. आवाज नाही आला.”

तिने मान हलवली. “मलेही नाई आला. म्या मांगं वळून पाह्यलं, तं कॅप्टनचा चेहरा लाल झालता. म्हनलं हा आता फुटते. म्हनून खाली आली.”

बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे सुरू होते. ती ऐकत बसली.

“तेव्हा आईवर लै राग आलता. दहावीभर होता. मंग एक दिवस सांगनार होती तिले, का तुह्या सुरानं काईच झालं नाई, तू उगाच उठली. सांगाचं राहून गेलं. मंग दवाखान्यात तिनं त्या नर्सले सांगतलं.” तिने दोन्ही पुस्तकांच्या कडा जुळवल्या. “कोनालेच काई देल्लं नाई ना सर तिनं. चहाही नाई. मले तेवढं एकच देल्लं, तेही सगळ्यायच्या समोर. मंग नाई सांगतलं.”

मी तिला पाणी दिलं. ते तिने प्यायलं. चार वाजताच्या बसने ती नागपूरला गेली.

या वर्षी स्पर्धा झाली. पेटी वाजवायला कुणी नाही म्हणून चारही हाऊस मोबाइलवरच्या ट्रॅकवर गायले. पिवळं हाऊस तिसरं आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या ढालीवर पूर्वाच्या वर्षापुढे लाल हाऊस असं कोरलं आहे.

तो सूर एकट्या मॅडमनी ऐकला होता. आता तो ऐकलेलं कुणी नाही.